मागची सीट

त्यांची चेन तुटली ती आमच्या धुण्याच्या हौदापाशी.
ऑक्टोबर होता. चेस्टनट फुटून पडायला लागलेले,
मी गुडघे टेकून वेचत होते,
आणि समोर दोन पिकली माणसं, एकाच लांबलचक सायकलवर,
दोन सीट, चार पिशव्या, बाहेर लोंबणारी एक किटली.
मला वाटलं, वाट चुकलीत.
वाट चुकल्याशिवाय ह्या डोंगरात कोण येतं?

तिचं नाव विट्स्के, त्याचं शूर्ड.
तोंडात बसायला आठवडा गेला.
देश त्यांचा सपाट, समुद्राहूनही खाली म्हणे,
चढ असा तिथे पुलापुरताच.
म्हणून हयातभर चढ शोधत हिंडली:
नॉर्वे, मोरोक्को, किर्गिझस्तान
(तिथे घोडीचं दूध प्यायली आणि तीन दिवस तंबूत आडवी).
पायाला भिंगरी म्हणतात ना,
ह्यांच्या चार पायांत मिळून एकच होती.

नवी चेन ब्रागान्साहून यायला चार दिवस लागले.
चौथ्या दिवशी विट्स्केला माझ्या शेळ्या नावानिशी ठाऊक होत्या.
आणि शूर्डनं, कुणी न सांगता,
खालच्या घराचं बारा वर्षं कुरकुरणारं दार
तेल घालून गप्प केलं.

ते घर माझ्या अदेरितोचं.
तो लक्झेंबर्गात काँक्रीट ओततो, लोकांची घरं उभी करतो.
फोनवर म्हणाला, "आई, विकून टाक. मी काही येत नाही आता."
त्या "आता"वर मी रात्रभर कूस बदलत राहिले.
सकाळी किल्ली शोधली.

नगरपालिकेतल्या पोरीनं विचारलं, इथेच का?
फॉर्मवर त्यासाठी चौकोन होता, नखाएवढा.
शूर्ड शब्दकोश चाळत बसला.
विट्स्के म्हणाली, "चेन तुटली."
पोरीनं तेच लिहिलं, शिक्का मारला.

गावात आम्ही एकोणीस. त्यांना धरून एकवीस.

पहिल्या हिवाळ्यात झेफेरिनोनं त्यांना ओली लाकडं विकली.
शूर्डनं ती पट्टीनं आखल्यासारखी रचली,
सगळं गाव बघून गेलं,
आणि पेटली एकही नाही.
मी झेफेरिनोच्या दारात जाऊन त्याच्या सात पिढ्या काढल्या.
परक्याला फसवलंस म्हणून नाही.
आपल्याला फसवलंस म्हणून.
हे मला बोलून झाल्यावर कळलं.

मार्चात विट्स्के ऑलिव्हची छाटणी करताना फांदीवरून पडली.
मनगट प्लॅस्टरात.
गुरुवारी शूर्ड माझ्या दारात उभा:
"देओलिंदाबाई, बाजाराला येता? मागची सीट रिकामी आहे."
एकाहत्तरावं चाललंय मला. काळा स्कर्ट, विधवेचा.
मी तो गुडघ्यापाशी गाठ मारून वर घेतला.

मागच्या सीटला ब्रेक नसतो.
हँडल असतं, पण ते वळत नाही.
समोर रस्ता नाही, नुसती पाठ,
घामानं भिजत जाणारी.
निघताना विट्स्केनं सांगितलं होतं:
"एकतीस वर्षं मी समोरचं काही पाहिलेलं नाही.
जग मला कडेनं माहीत आहे."

उतार लागला. मी कडेनं पाहिलं.
बापानं रचलेला दगडी बांध,
ज्याला हात लावत जन्मभर चालले,
तो पळत होता.
हौद पळाला. घंटेचा मनोरा पळाला.
शेळ्यांनी मान वर केली, आणि त्याही गेल्या.
बसच्या खिडकीतून अदेरितोला
असंच दिसलं असेल का सगळं?
त्यानंतर कधी पुढून पाहिलंच नसेल?

मी ओरडले, थांब.
शूर्डला ऐकू आलं नाही, वारा होता.
मग मीही पायडल मारू लागले.

येताना चढ. दोघं उतरलो, ढकलत आणली,
मधे बटाट्यांची गोणी, बोलायला मोजून चाळीस शब्द.
वर अदेरितोच्या,
नाही, त्यांच्या धुराड्यातून
धूर येत होता, पांढरा, जाड.
अजूनही ओलं जाळतात.
शिकतील.